काम आवडीचे, भाकरी स्वाभिमानाची



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत एकच प्रश्न घरोघर फिरू लागतो. पोराचे पुढे काय? रविवारी विहारात वंदना आटोपते, माणसे पायरीवर बसतात आणि जो तो सल्ला देऊ लागतो. कोणी म्हणतो, पोलीस भरतीला पाठवा. कोणी म्हणतो, रेल्वेचे फॉर्म भरा. पुलगावकडचा पाहुणा असला तर डेपोत जागा निघण्याची वाट पाहायला सांगतो. मुलगी असली तर, "नर्सिंगला टाका, नाहीतर लग्नाचे पाहा," एवढ्यावर विषय संपतो. ज्याच्या आयुष्याबद्दल हे सारे चाललेले असते ते लेकरू खांबाला टेकून गप्प उभे असते. त्याला एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. "बाबू, तुले काय करावंसं वाटते?"

आम्ही एकदा हे बोलून दाखवले, तेव्हा मजुरीहून नुकतीच परतलेली एक माउली म्हणाली, "आवडनिवड मोठ्या लोकाइची असते, भाऊ. आपल्याले महिन्याचा पगार पाहिजे."

तिचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. ज्या घरात दोघे नवरा-बायको रोजाने वावरात जातात, त्या घराला पगाराची किंमत कोणी शिकवायची गरज नाही. तरीही आम्हाला नम्रपणे सांगायचे आहे की आवडीचे काम मागणे ही आपल्या समाजासाठी चैन नाही. तो आपला हक्क आहे आणि त्यासाठी फार मोठी लढाई झालेली आहे. त्या लढाईतला एक महत्त्वाचा सवाल-जवाब तर आपल्याच जिल्ह्याच्या मातीशी जोडलेला आहे.

वर्ध्याच्या मातीतला वाद

१९३६ साल. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परमपूज्य बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, आणि त्यांचे भाषण वाचून घाबरून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. जातिव्यवस्थेचे समर्थक म्हणत, ही तर कामाची वाटणी आहे, यात वाईट काय? बाबासाहेबांनी दाखवून दिले की ही नुसती कामाची वाटणी नाही, ही काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. यात माणसाची आवड विचारली जात नाही, त्याची कुवत पाहिली जात नाही. आईबाप कोण, एवढ्यावर जन्माच्या आधीच धंदा ठरतो. आणि ज्या कामात माणसाचे मनही नाही आणि बुद्धीही नाही, ते काम चांगले होणार तरी कसे? अशा कामाचा माणसाला तिटकारा येतो, तो ते टाळू पाहतो, आणि त्यात देशाचेही नुकसान होते.

त्याच १९३६ च्या उन्हाळ्यात गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. हेच शेगाव १९४० पासून सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. जुलै महिन्यात त्यांनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकातून बाबासाहेबांना उत्तर दिले. वाडवडिलांच्या धंद्यावर प्रत्येकाने आपली भाकरी मिळवावी, सगळे धंदे सारख्याच मोलाचे, असा त्यांचा वर्णाचा विचार होता. पुढच्या वर्षी भाषणाची दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. ज्याला आपल्या बापाचा धंदा आवडत नाही, जमत नाही, त्याने तोच का करावा? आणि स्वतः गांधीजींनी तरी वाडवडिलांचा व्यापार कुठे केला?

आता आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण करा. येसकरकी, गावकीची धावपळ, मेलेले ढोर ओढणे, सरपण फोडणे, मयताचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री दुसऱ्या गावी पायी जाणे. त्यांच्यापैकी कोणाला गावाने विचारले होते का, की तुला काय आवडते? त्यांच्यात कोणी चांगला गवंडी होऊ शकला असता, कोणी वैद्य, कोणी मास्तर. म्हणून आज आपल्या घरात लेकराला हा प्रश्न विचारणे म्हणजे लाड नव्हे. आपल्या पिढ्यांत तो पहिल्यांदा विचारला जात आहे.

धम्म काय सांगतो?

अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे, हे आपल्या घरातली लहान मुलेही सांगतात. दुसऱ्याला इजा न करता, दुसऱ्यावर अन्याय न करता पोट भरावे, असा त्याचा सरळ अर्थ. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. आपल्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, तरी चोरट्या दारूचा धंदा चालतोच, आणि झटपट पैशासाठी कोवळी पोरे त्यात ओढली जातात. त्या पोरांच्या आईबापांनी या चौथ्या व्यापाराचा विचार करावा.

डेपोत किंवा फौजेत असलेले आमचे काही बांधव विचारतात, मग आमची नोकरी चुकीची का? आमचे मत असे की शस्त्रे विकून नफा कमावणे वेगळे आणि देशाच्या रक्षणाची चाकरी करणे वेगळे. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा आपल्या तरुणांनी सैन्यात जावे असे बाबासाहेबच सांगत होते.

सिगालोवाद सुत्तात तर तथागतांनी आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे मुलाला एखादे शिल्प, म्हणजे हाताला येणारी विद्या शिकवणे. त्याच सुत्तात मालकाला सांगितले आहे की नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे. ज्याची जशी कुवत तसे त्याचे काम, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे.

आमच्या घरची चूक

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी आमच्याच घरची चूक सांगतो. आमचा धाकटा भाऊ शाळेपेक्षा गावातल्या मोटार वायंडिंगच्या दुकानात जास्त असायचा. रब्बीत गव्हा-चण्याला पाणी देताना विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्या दुरुस्तीला येतात. जळालेली तार काढणे, वेढे मोजणे, नवी तांब्याची तार भरणे, मोटार पुन्हा फिरली की कान लावून तिचा आवाज ऐकणे, यात तो तहानभूक विसरायचा. आम्हाला त्याची लाज वाटायची. हात काळे करणारे काम! आम्हाला त्याच्यासाठी खुर्चीवरची नोकरी हवी होती.

बाबांची गिरणीतली नोकरी संपली तेव्हा थोडी रक्कम हातात आली होती. ओळखीच्या एका गृहस्थाने बाबूची जागा मिळवून देतो म्हणून सांगितले. बाबांनी ती रक्कम दिली, आईने पाटल्या मोडून भर घातली, आणि हो म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. पावती नाही, कागद नाही. वर्ष गेले, दुसरे गेले. गृहस्थ आधी तारखा देत राहिला, मग घरी सापडेनासा झाला. पैसा गेला. आईने त्या पाटल्यांचे नाव पुन्हा काढले नाही, पण सणाच्या दिवशी तिचे रिकामे मनगट आम्हाला दिसायचे.

या सगळ्यात भावाला आम्ही एकदाही विचारले नव्हते. शेवटी त्यानेच आयटीआयचा फॉर्म आणून समोर ठेवला. म्हणाला, "मले वीजतंत्रीले जाऊ द्या. पैसे नाही लागत." दोन वर्षे तो शिकला, मग शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतनावर राहिला, त्यानंतर चार वर्षे ठेकेदाराकडे. आज बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात तो कायम आहे. पगार आमच्या खुर्चीवरच्या पगारापेक्षा कमी नाही. पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट निराळीच. रात्रपाळी करून आलेला हा माणूस जेवताना कुठली मोटार का अडली आणि कशी सुटली ते रंगून सांगतो. आम्ही मात्र इतकी वर्षे घरी येऊन आमच्या कामाबद्दल काही सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही.

आवड ओळखावी कशी?

पुष्कळ मुले म्हणतात, आम्हाला काय आवडते तेच कळत नाही. बरोबर आहे. जे पाहिलेच नाही ते आवडेल कसे? आपल्या मुलांनी तलाठी, मास्तर, पोलीस आणि डॉक्टर एवढेच पाहिलेले असतात. म्हणून आधी कामे दाखवावीत, आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही.

सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आहे, सावंगी मेघेचे १९९० पासून. आपण तिथे आजारी माणूस घेऊन जातो आणि डॉक्टर तेवढे पाहून परततो. पण मोठ्या रुग्णालयात रक्त तपासणारे असतात, एक्स-रे काढणारे असतात, शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणारे असतात, नोंदी सांभाळणारे असतात. बारावीनंतर एएनएमचा दोन वर्षांचा आणि जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. "नर्सिंगला टाका" म्हणण्याआधी मुलीला एक दिवस वॉर्डात नेऊन आणावे. रक्त पाहून तिला घेरी येते, की दुखणेकऱ्याच्या उशाशी तिचे मन रमते, ते तिथेच कळेल. दोन्हींत कमीपणा नाही.

आयटीआयमध्ये जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री, वीजतंत्री असे कितीतरी व्यवसाय आहेत. प्रवेशाआधी कार्यशाळेच्या दारात उभे राहून पाहावे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ सुरू झाला होता. त्याच परिसरातल्या ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत आजही खादी, औषधी वनस्पती, हस्तकला, ग्रामीण यंत्रे अशा विषयांवर काम चालते. गांधीजींशी बाबासाहेबांचा जो वाद होता तो आपण विसरत नाही. पण विद्या जिथे मिळेल तिथून घ्यावी. फरक एवढाच, की हातमाग चालवायचा तर तो आवडतो म्हणून चालवायचा, कोणी नेमून दिला म्हणून नाही.

मुलाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. कोणी न सांगता मी कोणते काम हाती घेतो? कोणत्या कामात चुकलो तरी पुन्हा करून पाहावेसे वाटते? आणि त्या कामातला कंटाळवाणा भाग मला सोसेल का? तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मास्तर व्हायला पुष्कळांना आवडते, पण वह्यांचे गठ्ठे तपासायला आवडते का? पोलिसाची वर्दी आवडते, पण दिवाळीच्या रात्री चौकात उभे राहणे सोसेल का? कंटाळवाणा भाग सोसूनही जे काम हवेसे वाटते, ती खरी आवड समजावी.

आता मिळवायची कशी?

पहिली गोष्ट कागदांची. चांगल्या चांगल्या मुलांची संधी हुकते ती अभ्यासामुळे नाही, कागदामुळे. जातीचा दाखला, अधिवास दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र ही कामे निवड झाल्यावर काढायची नसतात, आधीच करून ठेवायची असतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल, कारण आजोबांना शाळाच मिळाली नव्हती. मग तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल मागावी. तिथे आपल्या पूर्वजाच्या जन्म-मृत्यूची नोंद सापडू शकते. नाव, आडनाव, जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकसारखी आहे का, तेही पाहावे.

दुसरी गोष्ट हक्कांची. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. आज केंद्रात हे प्रमाण १५ टक्के आणि महाराष्ट्रात १३ टक्के आहे. धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्राने बौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत १९९० साली कायदा बदलेपर्यंत आपल्याला त्या नव्हत्या. रेल्वे, टपाल, डेपो यांची ही दारे आपल्या मागच्या पिढीला तेव्हा उघडली. केंद्राच्या नोकरीला केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो, हे ध्यानात असू द्या. वयाची सवलत असते, पुष्कळ परीक्षांना फी माफ असते. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

तिसरी गोष्ट शिक्षणाची आणि सरावाची. पुण्याच्या बार्टी संस्थेकडून स्पर्धा परीक्षांचे विनामूल्य प्रशिक्षण मिळते. बाहेरगावी शिकणाऱ्या आणि वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. स्वतःचा धंदा करायचा तर १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ कर्ज देते. पूर्वीच्या सेवायोजन कार्यालयाला आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र म्हणतात. तिथे नाव नोंदवायला पैसा लागत नाही.

चौथी गोष्ट मुलाखतीची. आपली मुले हुशार असूनही साहेबासमोर मान खाली घालतात. ही मान पिढ्यान् पिढ्या वाकवलेली आहे, ती एका दिवसात वर येत नाही. म्हणून विहारात आठवड्यातून एकदा मुलांची खोटी मुलाखत घ्यावी. नोकरीत असलेले दोघे-तिघे समोर बसावेत. "हेच काम का हवे?" हा प्रश्न हमखास विचारावा. "घरची गरिबी आहे" हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. "मी ही मोटार स्वतः खोलून जोडली आहे" असे सांगता आले, की साहेबही पुढे सरसावून ऐकतो.

पाचवी गोष्ट पैशाची, आणि ही आम्ही आईच्या पाटल्या आठवून लिहीत आहोत. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो माणूस कितीही जवळचा असो, एक रुपया देऊ नका. ती रक्कम मुलाच्या शिक्षणावर लावा.

आणि काम धरताना जिवाची सुरक्षितताही विचारा. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करण्याच्या जागी स्फोट झाला आणि सहा जणांचे प्राण गेले. आसपासच्या गावांतून रोजंदारीवर गेलेली माणसे त्यांत होती. हाताला शिल्प नसले की माणसाला मिळेल ते, मिळेल त्या अटीवर करावे लागते. शिकलेल्या कामगाराला निदान नाही म्हणता येते.

आवडीची नोकरी नाही मिळाली तर?

हाही प्रश्न खरा आहे. सगळ्यांना मनासारखे मिळत नाही आणि घर थांबू शकत नाही. अशा वेळी मिळेल ती प्रामाणिक नोकरी धरावी, पण आवडीची विद्या सोडू नये. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारामुळे ते बडोद्याला चाकरीत गेले. तिथे शिपाई दुरून फायली टाकत. राहायला जागा मिळेना, आणि पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावण्यात आले. ती नोकरी सुटली. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. चांगल्या पगाराची, मानाची जागा. पण लंडनचे शिक्षण अपुरे राहिले होते, ते त्यांच्या मनातून गेले नाही. काटकसरीने पैसे साठवून १९२० साली त्यांनी ती जागा सोडली आणि पुन्हा विद्यार्थी झाले. पगार हातात असतानाही त्यांनी विद्येची वाट मोडली नाही.

आईबापांनो, तुमचा घाम आम्ही जाणतो. लेकराने तुमच्यासारखे उन्हात राबू नये म्हणून तुम्ही सरकारी नोकरीचा ध्यास घेता, त्यात तुमची मायाच आहे. ती नोकरी त्याच्या आवडीची असेल तर त्याने जिवाचे रान करून ती मिळवावी. पण या रविवारी विहारातून घरी आल्यावर एवढे करा. लेकराला जवळ बसवा आणि विचारा, तुले काय करावंसं वाटते? त्याने उत्तर दिले तर मध्येच सल्ला देऊ नका. उत्तर आले नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. ज्या प्रश्नाची आपल्या घरांना सवय नाही, त्याचे उत्तर यायला थोडा वेळ लागणारच.

जयभीम!